डब्यावरची अक्षरं वाचा

मित्रांनो, दुबईत घरोघरी जेवण पोहोचवणाऱ्या मोटरसायकली तुम्ही रोज बघता. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तरी त्या धावतच असतात. त्यांच्या इंजिनात कोणतं तेल घालायचं, हे कसं ठरवतात? आज तेच शिकू या.

आधी माझी चूक सांगतो. माझ्या कारचं थोडं तेल उरलं होतं. "तेल ते तेल!" असं म्हणून मी ते बाइकमध्ये ओतलं. काही दिवसांनी शारजाहून दुबईला येताना एका ट्रकला ओलांडायला वेग वाढवला. इंजिनचा आवाज वाढला, पण गाडी काही पळेना! मागून गाड्या जोरात येत होत्या. कशीबशी बाइक कडेला घेतली, तेव्हा कुठे जीवात जीव आला.

गॅरेजमधल्या भाईंनी एकच प्रश्न विचारला, "तेल कौनसा डाला?"

क्लचमधून इंजिनची ताकद पुढे चाकाकडे जाते. गिअरच्या कारमध्ये क्लच बहुधा कोरडा असतो. बहुतेक मोटरसायकलींत मात्र क्लचच्या चकत्या इंजिनच्या तेलातच बुडालेल्या असतात. कारच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात. त्यामुळे कारचं पेट्रोल वाचतं, पण बाइकच्या चकत्या एकमेकींना घट्ट धरत नाहीत, घसरतात. तेलकट हातांनी लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडून बघा, लगेच कळेल! मला नव्या चकत्या घालाव्या लागल्या. काटकसर महागात पडली.

म्हणून डब्यावर दोन गोष्टी बघा.

१. दाटपणा : उदाहरणार्थ, '१०डब्ल्यू-४०'. तूप थंडीत घट्ट होतं आणि गरम भातावर पातळ होतं. तेलाचंही तसंच. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा जितका लहान, तितकं तेल थंडीत सहज वाहतं. दुसरा आकडा जितका मोठा, तितकं ते तापलेल्या इंजिनात दाट राहतं.

२. जासो : मोटरसायकलच्या तेलासाठी जपानमध्ये १९९८ साली ठरवलेलं मानक. तेलात बुडालेल्या क्लचला 'एमए' किंवा 'एमए२' तेल लागतं. 'एमबी' तेल जास्त निसरडं असतं. भारतात आजीकडे गेल्यावर अ‍ॅक्टिव्हा स्कूटर बघितली असेल ना? तिचा क्लच कोरडा, म्हणून तिला 'एमबी' चालतं.

शेवटचा शब्द मात्र गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेचा. ती सांगेल तेच तेल घाला.

शब्दार्थ
चकती – गोल, चपटा तुकडा
घर्षण – दोन वस्तू एकमेकींवर घासणं
मानक – सर्वांसाठी ठरवलेला नियम
जीवात जीव येणे – भीती जाऊन बरं वाटणे
महागात पडणे – एखाद्या गोष्टीमुळे मोठं नुकसान होणे

प्रश्न
१. लेखकाची बाइक वेग का घेत नव्हती?
२. '२०डब्ल्यू-५०' आणि '१०डब्ल्यू-४०' यांपैकी कोणतं तेल थंडीत सहज वाहील?
३. 'महागात पडणे' वापरून तुमच्या एखाद्या चुकीबद्दल दोन वाक्यं लिहा.