अंगावर न घालायचं कापड

प्रवेशाचे कॅप राउंड सुरू झाले की एक प्रश्न हमखास येतो. "टेक्स्टाईल मिळतंय, पण घ्यावं का? गिरण्या तर बंद पडल्या." विचारणाऱ्यांच्या घरात अनेकदा कुणीतरी १९८२च्या गिरणी संपात होरपळलेलं असतं, त्यामुळे ही भीती मला कधीच उगाचची वाटत नाही. पण त्याच १९८२ साली इचलकरंजीत डीकेटीई ही संस्था सुरू झाली, आणि पुढे तिथे नॉनवोव्हनचं, म्हणजे न विणता बनणाऱ्या कापडाचं, उत्कृष्टता केंद्र उभं राहिलं. या कापडातलं एक काम मला फार मोलाचं वाटतं: गॅस टर्बाइनच्या हवेसाठी फिल्टरचं कापड बनवणं आणि ते तपासणं.

वीज बनवणारी मोठी गॅस टर्बाइन सेकंदाला ६०० किलोच्या आसपास हवा ओढते. दहा बाय दहाच्या सतरा-अठरा खोल्या, दर सेकंदाला रिकाम्या! त्या हवेतली धूळ कॉम्प्रेसरच्या पात्यांवर बसली की वीज कमी निघते. समुद्राचं मीठ आत गेलं तर त्यातलं सोडियम इंधनातल्या गंधकाशी मिळून तापलेली पाती कुरतडतं. आपलं उरणचं गॅस वीज केंद्र किंवा अंजनवेलचा प्रकल्प, दोन्ही खाऱ्या वाऱ्यातच उभे आहेत.

फिल्टर म्हणजे चाळण, असं आपण धरून चालतो. तसं नाही. मोठा कण हवेबरोबर वळू शकत नाही, तंतूवर आपटून अडकतो. अगदी बारीक कण इकडेतिकडे भरकटत तंतूला चिकटतो. सर्वांत अवघड मधला, ०.१ ते ०.३ मायक्रॉनचा. म्हणून थर लागतात. पुढे जाडसर, मोकळा थर धूळ साठवतो. मागे मेल्टब्लोनचा किंवा नॅनोफायबरचा, म्हणजे अतिबारीक तंतूंचा, नाजूक थर बारीक कण पकडतो. आणि या सगळ्याला आधार देतं स्पनबॉन्ड नावाचं ताठ नॉनवोव्हन, कारण कापडाला प्लीट, म्हणजे चुण्या, घालायच्या असतात. थर दाट केला की कण जास्त अडतात, पण हवा ओढायला टर्बाइनला जोर लागतो. हा प्रेशर ड्रॉप पास्कलमध्ये मोजतात. सगळी कारागिरी या ओढाताणीत आहे.

तपासणीचं काम मात्र कापड बनवण्याइतकंच, माझ्या मते त्याहून जास्त, जबाबदारीचं आहे. काही कृत्रिम तंतूंवर विद्युतभार दिलेला असतो. नवं कापड त्यामुळे झकास आकडे दाखवतं, पण वापरात तो भार उतरतो आणि आकडेही. म्हणून आयएसओ १६८९० या मानकात आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाफेने भार उतरवून पुन्हा मोजायला सांगितलं आहे. टर्बाइनच्या फिल्टरसाठी आयएसओ २९४६१ ही वेगळी मालिका आहे. मिठाचीही अशीच गोष्ट. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी धरून विरघळतं. कोरड्या प्रयोगशाळेत पास झालेल्या कापडातून ते कोकणच्या पावसाळ्यात थेंबाथेंबाने झिरपू शकतं. ही शंका ज्या मुलीला किंवा मुलाला स्वतःहून सुचते, तिची-त्याची या क्षेत्राला गरज आहे.

वाटा अनेक आहेत. दहावीनंतर टेक्स्टाईलचा डिप्लोमा. बारावीनंतर सीईटी देऊन इचलकरंजी, मुंबईचं व्हीजेटीआय, नांदेडचं एसजीजीएस, किंवा तंतू आणि रसायनांकडे ओढा असेल तर माटुंग्याची आयसीटी. मेकॅनिकलची आणि पॉलिमर शिकलेली मुलंही इथे येतात. संख्याशास्त्र मात्र मनापासून शिका. एकाच रोलमधून कापलेले पाच तुकडे पाच वेगळी उत्तरं देतात, त्यातलं खरं कोणतं हे ठरवावं लागतं.

पालकांनो, एक अडचण स्पष्ट सांगते. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरच्या गाजलेल्या पॅकेजांसारखा नसेल, कारखान्यात शिफ्टही असू शकते. आपल्याकडची बरीच गॅस वीज केंद्रं स्वस्त वायूअभावी क्षमतेपेक्षा खूप कमी चालतात, म्हणून फक्त टर्बाइनवर भिस्त ठेवू नका. पण हेच कापड, हीच यंत्रं आणि हीच मोजमापं गाडीच्या फिल्टरला, औषध कारखान्यातल्या स्वच्छ खोल्यांना आणि मास्कला लागतात. केंद्र सरकारने २०२० मध्ये राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र मोहिमेला १४८० कोटी रुपये मंजूर केले, ते याच प्रकारच्या कापडांसाठी.

कॉलेज बघायला जाल तेव्हा टेस्टिंग लॅब दाखवा म्हणून आग्रह धरा. खोलीत २७ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता राखलेली आहे का, हवेची पारगम्यता मोजणारं यंत्र विद्यार्थी स्वतः चालवतात की फक्त लांबून बघतात, हे विचारा. यंत्राशेजारी नोंदवही असते. तिच्यातली शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे, तेही पाहून घ्या.