दालचिनीच्या पानांचे तेल व सुगंधी पदार्थांत त्याचा उपयोग

दालचिनीच्या झाडापासून साल मिळते हे सर्वांस ठाऊक आहे; परंतु साल काढतेवेळी जो पाला खाली पडतो त्यालाही मोल आहे, याकडे पुष्कळ बागायतदारांचे लक्ष जात नाही. कोकणात यांपैकी काही पाने तमालपत्र म्हणून विकली जातात (खरे तमालपत्र हिमालयाच्या पायथ्याकडील निराळ्या झाडाचे), काही आच्छादनास जातात व उरलेली वाया जातात. नारळाच्या बागेत ज्यांनी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची १९९२ साली प्रसारित झालेली ‘कोकण तेज’ ही जात लावली आहे, त्यांनी तरी या पानांच्या तेलाचा विचार अवश्य करावा.

एकाच झाडाच्या सालीचे तेल व पानांचे तेल मात्र एक नव्हे. सालीच्या तेलात सिनामाल्डिहाइड हे द्रव्य प्रमुख असते; पानांच्या तेलात युजेनॉल, जे लवंगेच्या तेलातही असते. त्यामुळे पानांच्या तेलाचा वास दालचिनीपेक्षा लवंगेच्या अधिक जवळ जातो. पानांचे तेल सालीचे म्हणून विकणे ही फसवणूक होय, आणि जाणता व्यापारी ती वासावरूनच ओळखतो.

तोडलेली पाने दोनतीन दिवस सावलीत सुकवून वाफेच्या भट्टीत घालावीत. येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. गवती चहाचे तेल पाण्यावर तरंगते, म्हणून ते वरून काढून घेण्याची अनेकांस सवय आहे. दालचिनीच्या पानांचे तेल पाण्यापेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते. तळाकडून पाणी सोडून देणारे पात्र वापरले, तर पाण्याबरोबर तेलच गटारात जाईल! यास्तव तेल तळातून व पाणी वरून निघेल असे पात्र जोडावे. वर राहणारे दुधाळ पाणीही टाकू नये, कारण त्यात काही तेल मिसळून असते. ते पुन्हा भट्टीत घालावे. लोखंडाच्या स्पर्शाने हे तेल काळवंडते, म्हणून थंड नळी व पात्र स्टेनलेस स्टीलचे असावे. साध्या प्लास्टिकच्या डब्यात ते साठवू नये. गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवावे.

गुलाब व चंदन यांच्या गोड वासास हे तेल ऊब व किंचित तिखटपणा देते. कनौजच्या शमामा अत्तरातही मसाल्याचे जिन्नस याच हेतूने पडतात. मात्र हात राखून वापरावे; थोडे अधिक झाले की अत्तराऐवजी मसाल्याच्या डब्याचा वास येतो. नवशिक्याने आरंभ अगरबत्तीपासून करणे उत्तम, कारण ती अंगाला लावली जात नाही. साबणात घालावयाचे असल्यास दोन अडचणी ध्यानात असाव्यात: थंड पद्धतीच्या साबणाचे मिश्रण या तेलाने एकाएकी घट्ट होते, आणि साबणास तपकिरी रंग येतो. म्हणून तेल अगदी शेवटी घालून मिश्रण ताबडतोब साच्यात ओतावे.

‘झाडपाल्याचे तेल, त्याने अपाय कसला?’ असे बोलणे सर्रास ऐकू येते. तो समज चुकीचा आहे. निव्वळ तेल अंगास लागल्यास आग होते, आणि काहींच्या त्वचेस एकदा त्याचे वावडे जडले की ते कायम राहते. अंगावर राहणाऱ्या पदार्थात, उदाहरणार्थ केसांच्या तेलात, पानांच्या तेलाचे प्रमाण १०० मिलिलिटरला अर्ध्या मिलिलिटरहून अधिक नसावे. थेंब न मोजता मापाने घ्यावे. सालीचे तेल याहून पुष्कळ दाहक असल्याने घरगुती उद्योगात ते अंगाला लावण्याच्या कोणत्याही पदार्थात वापरूच नये. तान्ह्या मुलांच्या तेलात दोन्ही वर्ज्य समजावीत.

साबण वा केशतेल विक्रीसाठी करणाऱ्या बचत गटांना १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम यांखाली परवाना घ्यावा लागतो, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी माल तयार होण्यापूर्वीच त्यांना समजावून द्यावे.