‘चतुग्गुण’ : एका पाली शब्दाचा अर्थ

पाली शिकू लागलेल्या उपासक-उपासिकांना अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचे वाटणारे शब्दच अधिक फसवतात. ‘चतुग्गुण’ हा असाच एक शब्द. आमच्या अभ्यासवर्गात एकाने ‘चतुग्गुण संघाटी’चा अर्थ ‘चार चीवरे’ असा सांगितला, आणि प्रथम आम्हालाही तो खटकला नाही.

‘गुण’ म्हणजे सद्गुण, हे आपण जाणतो. परंतु दोरा, दोरीचा पेड आणि कापडाचा पदर हेही त्याचे अर्थ आहेत. म्हणून ‘दिगुण’ म्हणजे दुपदरी आणि ‘चतुग्गुण’ म्हणजे चौपदरी. कापडाला पदर दोन रीतींनी येतात : एकावर एक शिवून किंवा घडी घालून. पालीत दोन्हींसाठी हाच शब्द आहे.

पहिला अर्थ विनयपिटकातील महावग्गात, चीवरांच्या खंधकात आढळतो. वैशालीत ऐन थंडीच्या रात्री भगवान एक चीवर घेऊन उघड्यावर बसले. थंडी वाढली तसे दुसरे, तिसरे आणि शेवटी चौथे चीवर त्यांनी अंगावर घेतले. स्वतः असा अनुभव घेऊन मग त्यांनी भिक्खूंसाठी तीन चीवरांची मर्यादा घातली : संघाटी दुपदरी, उत्तरासंग व अंतरवासक एकपदरी. पदर मोजले तर चारच भरतात! कापड जुने असेल तर मात्र संघाटी चतुग्गुण करण्यास अनुमती आहे. विरलेली लुगडी एकावर एक घालून शिवलेली आपल्या घरची गोधडी येथे आठवावी.

दुसरा अर्थ दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्तात येतो. ऐंशी वर्षांचे भगवान आजारी अवस्थेत पावेहून कुसिनारेकडे निघाले आहेत. वाटेत एका झाडाखाली थांबून ते आनंदाला संघाटी ‘चतुग्गुण’ अंथरायला सांगतात. आपण थकलो आहोत, बसू इच्छितो, असे म्हणतात. पुढे ककुत्था नदीत स्नान झाल्यावर आंबराईत चुंदकालाही तेच सांगतात आणि उजव्या कुशीवर पहुडतात. येथे शिवणकामाचा प्रश्नच नाही. अंगावरच्याच वस्त्राची चौघडी करून अंथरायची आहे. ‘चतुग्गुण’पुढे अंथरण्याचे क्रियापद आले की घडीच समजावी, ही खूण आम्ही वर्गात लिहून ठेवली आहे.

‘चार चीवरे’ म्हटले तर ज्यांनी तीन चीवरांची मर्यादा घातली, त्यांनीच ती ओलांडल्यासारखे होते. ‘चौघडी’ म्हटले की दमलेला एक वृद्ध माणूस डोळ्यांपुढे येतो. त्याच्याजवळ गादी नाही, उशी नाही. पांघरायचे तेच अंथरायचे. आणि ‘मी थकलो आहे’ हे तो लपवीत नाही.

‘चौघडी’ हा आपल्या आजीच्या तोंडचा शब्द. पाली समजून घेताना तो हाताशी ठेवावा. बुद्धांचे माणूसपण कधी कधी अशा एका शब्दाच्या घडीत असते; ती नीट उलगडली पाहिजे.