भिंगरीच्या चाळीस सेकंदांचा हिशेब

शनिवारी पहाटे साडेपाचला आमच्या गाडीत काय काय होतं ते आधी सांगते. भिंगरीचा पिंजरा, पाण्याचे दोन कॅन, उन्हात गाडीवर टाकायचं चंदेरी कापड, बॅटरीवरचा पंखा, तंबू, घडीच्या दोन खुर्च्या, चिखलाचे बूट, पळायचे बूट, उकडलेल्या चिकनचा डबा (तिचा) आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा (आमचा). एवढी वरात लेस्टरहून निघाली ती कशासाठी, तर आमच्या चार वर्षांच्या कॉकर स्पॅनियलने दोन दिवसांत सात वेळा, दर वेळी चाळीसेक सेकंद, अडथळ्यांवरून धावावं म्हणून. सातांपैकी तीनदा ती बाद झाली.

इंग्लंडमधल्या मराठी घरांत आता कुत्री दिसू लागली आहेत आणि ‘तुमचं ते कुत्र्याला पळवायचं असतं त्याला किती पैसे लागतात हो?’ हा प्रश्न दर गणपतीत कोणी ना कोणी विचारतंच. खालचे आकडे माझ्या वहीतले आहेत, म्हणजे ढोबळ. मैदानामैदानाला ते थोडे इकडेतिकडे होतात.

खेळ तसा फार जुना नाही. १९७८ साली लंडनमध्ये क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात मुख्य रिंगणातल्या मधल्या वेळात प्रेक्षकांसाठी काहीतरी हवं होतं. समितीवरच्या जॉन व्हार्ली यांनी घोड्यांच्या उड्यांवरून कल्पना उचलली आणि पीटर मीनवेल यांनी कुत्र्यांसाठी अडथळे उभे केले. दोन वर्षांनी केनेल क्लब या इथल्या कुत्र्यांच्या संस्थेने त्याचे नियम केले. आज इथे उन्हाळ्यात जवळजवळ प्रत्येक शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या मैदानावर अ‍ॅजिलिटी चालू असते.

रिंगणात उतरण्याचा खर्च सगळ्यात कमी. एका धावेची प्रवेश फी साधारण पाच पौंड. दिवसाला तीन-चार धावा, म्हणजे शनिवार-रविवार मिळून सात धावांचे ३५ पौंड. मैदानावरच तंबू ठोकला तर रात्रीचे बारा, शुक्रवारी रात्रीच पोचलात तर दोन रात्रींचे २४. जाऊन-येऊन १६० मैल झाले तर आमच्या गाडीला अठराएक लिटर पेट्रोल, म्हणजे २५ पौंड. पुऱ्या नेऊनही चहा आणि बर्गरवर २० जातातच. बेरीज १०४ पौंड. सात गुणिले चाळीस म्हणजे २८० सेकंद, पाच मिनिटंसुद्धा नाहीत. सेकंदाला ३७ पेन्स पडले. (पौंडाला शंभराने गुणायची सवय अजून गेली नसेल तर हे वाक्य वाचू नका.) तंबूत झोपायची तयारी नसेल आणि कुत्र्याला घेणारं हॉटेल शोधलंत, तर दोन रात्रींचं बिल बहुधा या सगळ्या बेरजेच्या वर जाईल.

पण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो प्रकार याच्याही आधीचा आहे. केनेल क्लबच्या स्पर्धेत अठरा महिन्यांखालच्या कुत्र्याला घेत नाहीत. नोंदणी लागते, पण कुत्रा खानदानी नसला तरी चालतो, संकरितांसाठी वेगळी नोंदवही आहे आणि तिची फी एकदाच भरायची असते. खरा पैसा जातो शिकवणीत. गटात शिकवायचे तासाला दहा ते पंधरा पौंड घेतात. आठवड्याला एक तास आणि वर्षातले पंचेचाळीस आठवडे धरले तर बाराच्या दरानेही ५४० पौंड होतात. आम्ही पहिली स्पर्धा दीड वर्षांनी केली. वीव्हचे खांब (एका रांगेतले पाच ते बारा, त्यांतून नागमोडी जायचं) शिकायलाच भिंगरीला सहा महिने लागले. झोक्याच्या फळीला ती अजून घाबरते.

त्या फळीवरच परवा पाच गुण गेले. फळीच्या दोन्ही टोकांना वेगळ्या रंगाचा पट्टा असतो, उतरताना कुत्र्याचा निदान एक पंजा त्या पट्ट्यावर पडला पाहिजे. भिंगरी मध्यापर्यंत गेली, फळी कलायला लागली तशी तिने माझ्याकडे पाहिलं. मी ‘थांब’ म्हणेपर्यंत तिने पट्ट्यावरून सरळ उडी टाकली. पंचांचा हात वर. पुढे बोगद्याची दोन तोंडं शेजारीशेजारी होती, मी उजवीकडचं दाखवलं, ती डावीकडून शिरली आणि आम्ही बाद. चूक तिची नव्हती. माझे खांदे डावीकडे वळले होते आणि कुत्री शब्दांपेक्षा खांदे वाचतात. बाद झाल्यावरही पंच बहुतेक वेळा उरलेली धाव पुरी करू देतात, ती मनापासून करावी. पाच पौंड भरलेले असतात आणि ते परत मिळत नाहीत.

गटांचं थोडक्यात सांगते. खांद्यापर्यंतच्या उंचीवरून चार गट पडतात. भिंगरी ३५ ते ४३ सेंटिमीटरच्या मधल्या गटात येते, तिला ४० सेंटिमीटरच्या उड्या असतात. कुत्र्याची उंची अधिकृत मोजणाऱ्याकडून वेळेत मोजून घ्या. पायऱ्या एक ते सात आहेत, नवख्याने पहिलीपासून सुरुवात करायची. बक्षीस म्हणजे रोझेट. न चुकता धाव पुरी केली तर त्याचंही रोझेट असतं. पैसे वसूल होतील असा विचार मनातही आणू नका.

आता पैसे कुठे बुडतात ते. प्रवेश काही आठवडे आधी बंद होतात आणि नंतर पाऊस आला, ताप आला, बॉसने बोलावलं, तरी फी सहसा परत मिळत नाही. दोन उन्हाळ्यांपूर्वी स्पर्धेच्या आठवड्यातच भिंगरी माजावर आली. केनेल क्लबच्या स्पर्धेत माजावरच्या कुत्रीला उतरवता येत नाही. आमचे तीस पौंड गेले. नियमपत्रिकेत सगळं छापलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. काही आयोजक अशा वेळी डॉक्टरांच्या किंवा मालकाच्या पत्रावर थोडेफार परत करतात, म्हणून कुत्री असेल तर पत्रिकेतला तो परिच्छेद आधी वाचा आणि मगच किती धावा ते ठरवा. पहिल्या खेपेला फक्त शनिवार घ्या, तीन धावा, आणि संध्याकाळी घरी या. सात-आठ धावांची नावं घालून रविवारी दुपारी कुत्र्याला ओढत रिंगणात नेणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांत एकदा मीही होते.

मैदानावर दुकानं असतात आणि ती फार गोड असतात. अठरा पौंडांचं मेंढीच्या लोकरीचं ओढायचं खेळणं मी घेतलं. भिंगरीला नवऱ्याचा जुना मोजा जास्त आवडतो. बागेत मांडायच्या अडथळ्यांवरही सुरुवातीला खर्च करू नका, जमिनीत रोवलेल्या सहा काठ्या आणि एक झाडू पुरतो. उलट पिंजऱ्यावर कंजुषी नको. इथल्या वाहतूक नियमांत गाडीत कुत्र्याला नीट बांधून किंवा बंद करून ठेवायला सांगितलंय, आणि दोन धावांच्या मधले चार तास तो तिथेच झोपतो. ओल्या गवतावर पकड घेणारे बूटही हवेत. गेल्या वर्षी मी साध्या बुटांत घसरले, तेव्हा भिंगरीने उरलेले सहा अडथळे माझ्याशिवाय, बरोबर क्रमाने केले. कुत्र्यांच्या फिजिओथेरपीला एका वेळेचे ४० ते ६० पौंड पडतात. विमा असेल तर स्पर्धेतली दुखापत त्यात बसते का हे कंपनीला लेखी विचारा. उन्हाच्या दिवशी बंद गाडीत कुत्रा ठेवू नका. सावलीची जागा मिळवायला सकाळी सातला पोचावं लागतं.

पैसे वाचवायचा चांगला मार्ग म्हणजे रिंगणावर काम करणं. पडलेले दांडे उचलून ठेवायचे, रांगेतल्या कुत्र्यांना क्रमाने पुढे सोडायचं, पंचांच्या खुणा पाहून कागदावर गुण आणि वेळ लिहायची. माणसं कायम कमी असतात. अर्धा दिवस उभं राहिलात तर काही ठिकाणी जेवणाचं कूपन मिळतं, कुठे एखादी धाव फुकट. शिवाय शंभर कुत्री एकाच मार्गावरून गेलेली जवळून पाहायला मिळतात. माझं बरंचसं शिक्षण तिथेच झालं. मार्ग पाठ करायची वेळ तर चुकवूच नये. तीस-चाळीस प्रौढ माणसं, कुत्र्याशिवाय, हात हवेत धरून स्वतःशी पुटपुटत गवतावर गोल फिरत असतात. आमच्या सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, सगळ्यांच्या एकदमच अंगात आलंय.

कुत्र्याला मराठी समजलं तर चालतं का, हेही विचारतात. चालतं. भिंगरी ‘चढ’, ‘थांब’ आणि ‘ये’वर धावते, आणि शेजारच्या रिंगणातून कोणी इंग्रजीत ओरडलं तरी तिचं चित्त ढळत नाही. रिंगणात खाऊ मात्र नेता येत नाही. तिथे उत्साह टिकवण्यासाठी आवाजच वापरायचा.

या उन्हाळ्यात विचार असेल तर पहिल्या शनिवारी कुत्रा घरी ठेवून जा. प्रवेश न घेतलेला कुत्रा बऱ्याच ठिकाणी आत सोडत नाहीत. माणसांना सहसा तिकीट नसतं, आणि तंबूतला चहा दीड-दोन पौंडांना मिळतो.