अंग आंबते तेव्हा

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर बिडकीन हे गाव लागते. गावाजवळ आता औद्योगिक वसाहत उभी राहिली आहे; तथापि भोवतालच्या शिवारात कापूस आणि ऊस ही पिके आजही दिसतात. या शिवारात वाढणाऱ्या मुलामुलींना एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. बऱ्याच दिवसांनी कुदळ हाती घेतली, की तळहाताला फोड येतात आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठताना खांदे व पाठ ठणकू लागतात. घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, "अंग आंबले आहे, दोनचार दिवसांत मोकळे होईल." लाठी किंवा दांडपट्टा शिकू लागणाऱ्या मुलांनाही हाच अनुभव येतो. परंतु तेथे आणखी एक प्रश्न उभा राहतो. कोणते दुखणे सोसावे आणि कोणते ताबडतोब सांगावे?

महाराष्ट्रात शस्त्रांचे खेळ फार जुने आहेत. लाठी, फरीगदगा, दांडपट्टा यांना आपण मर्दानी खेळ म्हणतो. कोल्हापूरच्या तालमींनी हे खेळ आजवर जपले आहेत. १९१४ साली अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली आणि तेथेही देशी व्यायामाचे शिक्षण मिळू लागले. १९३६ पासून बडोद्यात द. चिं. करंदीकर-मुजुमदार यांच्या संपादनाखाली मराठी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे खंड प्रसिद्ध होऊ लागले. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्टा हे राज्यशस्त्र म्हणून जाहीर केले. त्यामुळे हे खेळ शिकण्याची ओढ अनेक मुलामुलींना वाटू लागली आहे. आता ही मुले रणांगणासाठी शिकत नाहीत. शरीर चपळ व्हावे, नजर तीक्ष्ण व्हावी आणि मनाला शिस्त लागावी, म्हणून ती शिकतात.

शिकण्याचा पहिला दिवस उत्साहाचा असतो. काठी हातात येताच ती गरगर फिरवावी असे वाटते. तास संपला तरी थांबू नये, असेही वाटते. दुसऱ्या दिवशी मात्र डोक्यावरून सदरा काढणेही कठीण होते. असे का बरे होते?

आपल्या स्नायूंमध्ये असंख्य बारीक तंतू असतात. न सवयीचे काम एकदम केले म्हणजे त्यांतील काही तंतूंना अतिशय सूक्ष्म इजा होते. शरीर ती इजा लगेच दुरुस्त करू लागते. त्या दुरुस्तीच्या काळात स्नायू किंचित सुजतात, ताठरतात आणि दुखतात. हे दुखणे व्यायाम करताना फारसे जाणवत नाही. ते साधारणपणे बारा ते चोवीस तासांनी सुरू होते, एक ते तीन दिवसांच्या सुमारास सर्वांत अधिक जाणवते आणि आठवडाभरात निघून जाते.

या दुखण्याला आपल्या भाषेने 'अंग आंबणे' हा मोठा मार्मिक शब्दप्रयोग दिला आहे. शास्त्रज्ञांनाही पुष्कळ काळ असेच वाटत होते, की श्रमाने स्नायूंत एक प्रकारचे आम्ल साचते आणि त्यामुळे ते दुखतात. परंतु थिओडोर हफ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०२ सालीच निराळा विचार मांडला होता. स्नायूंच्या आतील बारीक इजेमुळे हे दुखणे होत असावे, असे त्याचे म्हणणे होते. श्रमामुळे वाढलेले ते द्रव्य तासाभरातच बहुतेक ओसरते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. दुखणे मात्र दुसऱ्या दिवशी वाढते. म्हणजे त्याचे कारण आम्ल नव्हे. शब्द तोच राहिला, समजूत तेवढी बदलली.

यात आणखी एक गंमत आहे. तुम्ही कधी देवगिरीचा किल्ला चढला असाल, तर आठवून पाहा. चढताना धाप लागते. पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात, त्या मुख्यतः उतरल्यामुळे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार आवरून धरतात. असे काम तंतूंना अधिक जाचते. काठीचेही तसेच आहे. ती फिरवण्यापेक्षा वेगात असताना आवरून थांबवणे हे खांद्याला व दंडाला अधिक जड जाते. दांडपट्ट्याची पोलादी मूठ मनगटाच्या मागेपर्यंत हात झाकून टाकते. त्यामुळे मनगट मोकळेपणी वळत नाही आणि सारा जोर खांद्यावर व कोपरावर येतो. म्हणूनच पट्टा शिकवण्यापूर्वी लाठीचा पुरेसा सराव करून घेणे इष्ट असते.

अंग आंबले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. अशा वेळी अगदी पडून राहू नये. सावकाश चालावे, हातपाय हलके हलवावेत, पाणी प्यावे, भाकरी, डाळ, शेंगदाणे, दूध असे सकस अन्न घ्यावे आणि भरपूर झोपावे. काही दिवसांनी तेच हात पुन्हा केले, तर पहिल्याइतके दुखत नाही, कारण शरीर शिकलेले असते. तळहाताचेही असेच होते. प्रथम फोड येतात. ते फोडू नयेत. स्वच्छ ठेवावेत आणि बरे होईपर्यंत हाताला विश्रांती द्यावी. पुढे त्या जागी कातडी जाड होऊन घट्टे पडतात आणि काठी हाताला टोचत नाही.

आता दुसऱ्या प्रकारच्या दुखण्याकडे वळू. हे दुखणे सर्वांगाला होत नाही. ते एका ठिकाणी, बोट ठेवून दाखवता येईल असे असते. बहुधा ते काम चालू असतानाच एकदम सुरू होते. कळ तीव्र असते, सांधा सुजतो, हात वळत नाही किंवा बोटांना मुंग्या येतात. काठी निसटून नडगीवर, कोपरावर किंवा बोटांवर बसली, तर पुष्कळदा केवळ मुका मार लागतो आणि जागा काळीनिळी होते. स्वच्छ कापडात गुंडाळलेला बर्फ किंवा थंड पाण्याची पट्टी ठेवल्याने बरे वाटते. परंतु सूज वाढत असेल, भार देता येत नसेल किंवा आकार वाकडा दिसत असेल, तर हाड मोडले असण्याचा संभव असतो. अशा वेळी सांधा ओढू नये, चोळू नये. हात आधाराने स्थिर ठेवून दवाखान्यात जावे.

वाढत्या वयातील मुलांनी ही काळजी विशेष घ्यावी. तुमच्या लांब हाडांच्या टोकांजवळ वाढीचा भाग असतो. तो पक्क्या हाडापेक्षा मऊ असतो. तेथे इजा झाली आणि तिच्याकडे दुर्लक्ष केले, तर हाडाच्या वाढीत दोष राहू शकतो. म्हणून सांध्याजवळचे न थांबणारे दुखणे कधीही लपवू नये. डोक्याला मार लागून उलटी झाली, गुंगी आली किंवा आठवण गोंधळली, तर तत्काळ डॉक्टरांकडे नेले पाहिजे. त्या दिवशी पुन्हा काठी धरू नये. एकदम शेकडो बैठका काढल्यानंतर स्नायू फार सुजले आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर तेही धोक्याचे चिन्ह समजावे. जखम झाली असेल, तर धनुर्वाताच्या लशीविषयी डॉक्टरांना विचारावे.

हे लपवण्याची बुद्धी मुलांना का होते? 'मी भित्रा ठरेन', असे त्यांना वाटते. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण सर्वांना पाठ असते. म्हण खरी आहे; परंतु ती अर्धीच ऐकून चालत नाही. आपल्या जिल्ह्यातील वेरूळचे कैलास लेणे अखंड खडकातून वरून खाली कोरत आणले आहे. तेथील कारागिरांनी वाटेल तेथे आणि वाटेल तितक्या जोराने टाकी चालवली असती, तर आज आपल्याला मंदिराऐवजी दगडांचा ढीग दिसला असता. घाव हवा, पण तो मोजून घातलेला आणि योग्य जागी बसलेला हवा.

आपल्या पूर्वजांनी हे जाणले होते. फरीगदग्यातील गदगा म्हणजे चामड्याने मढवलेली काठी आणि फरी म्हणजे लहान ढाल. शिकताना शिकणाऱ्यालाच इजा होऊ नये, हा विचार त्या साधनातच दिसतो. बडोद्याचे प्रख्यात व्यायामशिक्षक राजरत्न माणिकराव हे हाडे बसवण्यातही निष्णात होते. शिष्याचे शरीर घडवणाऱ्या गुरूला त्याच्या सांध्यांचेही ज्ञान असावे, ही त्या काळची दृष्टी होती. आज क्ष-किरणांनी हाडाची खरी स्थिती दिसते. म्हणून दुखापत झाल्यास आधी डॉक्टरांकडे जाणे हेच शहाणपणाचे.

मुलांनो, तुम्ही लाठी शिकायला जाल, तेव्हा प्रथम अंग मोकळे करा. आपल्या उंचीला व बळाला साजेशी काठी घ्या. तिला कुसळे नाहीत ना, हे हात फिरवून पाहा. शेजाऱ्यापासून पुरेसे अंतर ठेवा. दोन्ही हातांनी सराव करा आणि तो रोज थोडा थोडा वाढवा. दुखले तर "वस्ताद, माझे मनगट दुखते आहे," असे स्पष्ट सांगा. चांगला वस्ताद रागावणार नाही. तो म्हणेल, "आज काठी ठेव. बस, आणि इतरांचे पाय कसे पडतात ते पाहा." तो दिवसही फुकट जात नाही, कारण मर्दानी खेळ जितका हातांचा, तितकाच पायांचा आणि नजरेचाही असतो.

सोसणे हा गुण आहे. पण ओळखणे हा त्याहून मोठा गुण आहे. आंबलेले अंग घेऊन जो दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर येतो, तो चिकाटीचा. आणि सुजलेले मनगट दाखवून जो चार दिवस काठी खाली ठेवतो, तोही तितकाच धीराचा. असे विद्यार्थीच पुष्कळ वर्षे खेळतात आणि पुढे दुसऱ्यांना शिकवतात.

स्वाध्याय

१. अंग आंबणे आणि दुखापत होणे यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
२. किल्ला उतरल्यावर मांड्या का दुखतात?
३. 'टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही' ही म्हण अर्धीच ऐकून चालत नाही, असे लेखक का म्हणतो?
४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : घट्टे पडणे, मुका मार लागणे, धाप लागणे.
५. तुमच्या गावातील जुन्या तालमीची किंवा खेळांची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.