वाडीवरील घरासाठी सौरवीज : आधी गणित, मग खरेदी

सह्याद्रीच्या कुशीत, वीजवाहिनीपासून दूर असलेल्या घराला सौरवीज भरवशाचा आधार ठरू शकते. मात्र संचाची खरी कसोटी उन्हाळ्यात नव्हे, तर आषाढ-श्रावणात लागते. म्हणून खरेदीपूर्वी गरजेचे गणित मांडणे अगत्याचे आहे.

१२ व्होल्टवर चालणारे ७ वॅटचे ३ एलईडी दिवे ५ तास लावल्यास १०५ वॅट-तास वीज लागते. २८ वॅटच्या पंख्यास ८ तासांकरिता २२४ वॅट-तास लागतात. मोबाइल धरून रोजची गरज सुमारे ३५० वॅट-तास होते. संचातील ३० टक्के घट लक्षात घेता ५०० वॅट-तास वीज निर्माण व्हावयास हवी. पावसाळा वगळता दिवसाला ५ तासांचे पूर्ण ऊन गृहीत धरल्यास १०० वॅटचे पॅनेल पुरते.

दोन दिवसांचा साठा म्हणजे ७०० वॅट-तास. शिसे-आम्ल बॅटरी वारंवार निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते. म्हणून १२० अँपिअर-तासांची बॅटरी निवडावी. झडीच्या दिवसांत पंखा बंद ठेवून केवळ दिवे लावले, तर हाच साठा पाच-सहा दिवस पुरतो आणि मुलांचा अभ्यास अडत नाही.

पॅनेल दक्षिणाभिमुख, सावली न पडणाऱ्या जागी, स्थानिक अक्षांशाइतके, म्हणजे महाराष्ट्रात सुमारे १६ ते २२ अंश कलवून घट्ट बसवावे. चार्ज कंट्रोलरला प्रथम बॅटरी व नंतर पॅनेल जोडावे. बॅटरीजवळ फ्यूज असावा. काचेवरील धूळ पुसणे आणि बॅटरीतील डिस्टिल्ड पाण्याची पातळी राखणे घरातील कोणास तरी शिकविल्याखेरीज काम पूर्ण झाले असे मानू नये.