चिकणमाती, तरीही निचरा : डोंगरउतारावरच्या मातीचा एक धडा

भूगोलात आपण सर्वांनी एक वाक्य पाठ केले आहे : चिकणमातीत पाण्याचा निचरा होत नाही. मीही परीक्षेत तेच लिहून गुण मिळवले आहेत. पण गेल्या वर्षी प्रकल्पासाठी मातीचे नकाशे पाहत होतो, तेव्हा केरळ-कर्नाटकातील पश्चिम घाटाच्या जंगली उतारांपुढे वेगळेच शब्द दिसले : ‘खोल, चांगल्या निचऱ्याची चिकणमाती’. मला वाटले, छपाईची चूक असेल. सरांना विचारले तर ते म्हणाले, “चूक नकाशाची नाही. ऑक्टोबरात कोडगूच्या ट्रेकला जाणार आहेस ना? मग तिथल्या मातीलाच विचार.”

हा लेख म्हणजे मातीने दिलेले उत्तर आहे. ते शोधता शोधता मी 30 जुलै 2024 च्या वायनाडच्या दुर्घटनेपर्यंत पोहोचलो, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी केवळ भूगोलाचा राहिला नाही.

नकाशातील तीन शब्द

आपल्या देशातील मातीचे नकाशे राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो तयार करते. तिचे मुख्यालय नागपूरला आहे. या नकाशांतील प्रत्येक शब्द मोजून वापरलेला असतो.

‘खोल’ म्हणजे 100 ते 150 सेंटिमीटर जाडीची माती. त्याहून जास्त असेल तर ती ‘अतिखोल’. ‘चिकण’ हा शब्द कणांच्या आकारावरून येतो. 0.002 मिलिमीटरपेक्षा बारीक कणाला चिकणमातीचा कण म्हणतात. वाळूचा कण डोळ्यांना दिसतो, हा दिसत नाही. ‘चांगला निचरा’ म्हणजे पाणी मुळांजवळ साचून राहत नाही, पण वाळूतून जाते तसे धावतही नाही. ते बेताने खाली उतरते.

निचरा कसा आहे हे रंगावरूनही कळते. मातीत हवा खेळती असेल तर तिच्यातील लोह गंजते आणि माती लाल किंवा तांबूस दिसते. पाणी साचून हवा कोंडली की तीच माती राखाडी होते, मधे मधे डाग पडतात. कोडगूत रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराची जी भिंत आम्ही पाहिली, ती वर काळपट तपकिरी आणि खाली माणसाच्या उंचीपेक्षा जास्त खोलीपर्यंत लाल होती. म्हणजे नकाशा खरे सांगत होता.

काळी चिकण आणि लाल चिकण

माझे गाव लातूर जिल्ह्यात आहे. आमच्या शेतातली काळी मातीही चिकणच. पावसाळ्यात बांधावरून चालले की चपलेला किलोभर चिखल लागतो आणि उन्हाळ्यात भेगांत अख्खा हात जातो. मग एक चिकणमाती अशी आणि दुसरी तशी का?

फरक खनिजात आहे. चिकणमातीचे कण पत्त्यांच्या कॅटसारखे असतात, पातळ थर एकावर एक. काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातील खनिजे असतात. त्यांच्या थरांमध्ये पाणी शिरते, थर दूर होतात, माती फुगते आणि तिची छिद्रे बंद होतात. घाटातील लाल मातीत मुख्यतः केओलिनाइट असते. त्याचे थर एकमेकांना घट्ट धरून असतात, आत पाणी शिरत नाही, म्हणून ती माती फारशी फुगत नाही.

हे केओलिनाइट आले कुठून? वायनाड आणि कोडगूचे डोंगर नाइस आणि चार्नोकाइट या फार जुन्या खडकांचे आहेत. उष्ण हवा आणि भरपूर पाऊस यांनी हा खडक लाखो वर्षे कुजत आला आहे. पाण्याबरोबर चुना, सोडा, पोटॅश आणि बरीचशी सिलिका वाहून गेली. मागे उरले केओलिनाइट, लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे आणि न कुजणारे गारेचे कण. ही ऑक्साइडे गोंदाचे काम करतात. ती हजारो बारीक कण एकत्र बांधून त्यांचे लहान रवे बनवतात. नाव चिकणमातीचे, पण वागणूक रवाळ. रव्यांच्या मधल्या मोठ्या पोकळ्यांतून पाणी खाली उतरते.

हे हातानेही तपासता येते. मी तिथली मूठभर माती ओली करून अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबून तिची पट्टी काढू लागलो. सुरुवातीला ती भरड लागली आणि पट्टी लगेच तुटली. पाच-सात मिनिटे मळल्यावर मात्र ती मेणासारखी झाली आणि पट्टी 5 सेंटिमीटरच्या पुढे गेली. एवढी लांब पट्टी निघाली की ती चिकणमाती समजायची. पण मळताना मी तिचे रवे मोडले होते. हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही, पुढच्या प्रयोगात आले.

डब्याचा प्रयोग

सरांनी दोन्ही बाजूंनी कापलेला पत्र्याचा डबा बरोबर घेतला होता. तो जंगलात पालापाचोळा बाजूला करून जमिनीत थोडा रोवला आणि मगभर पाणी ओतले. दोन मिनिटांच्या आत डबा रिकामा झाला. मग तोच डबा वीस पावलांवरच्या पायवाटेवर रोवला. उतार तोच, माती तीच. आमचा नाश्ता झाला, पिट्टू पुन्हा पाठीवर चढले, तरी डब्याच्या तळाशी पाणी होतेच.

बुटांनी, जनावरांनी आणि जीपच्या चाकांनी रवे दबून मोडले होते, अगदी माझ्या बोटांनी मोडले तसे. माझ्या पाठ केलेल्या वाक्यातली चूक इथे सापडली. निचरा हा चिकणमातीचा जन्मजात गुण किंवा दोष नाही. तो तिच्या रचनेचा गुण आहे आणि रचना टिकवावी लागते.

रचना कोण टिकवते?

खनिजाने आणि लोहाने पाया घातला, पण रोजची देखभाल जंगल करते. झाडांचे छत आणि खालचा पालापाचोळा पावसाच्या थेंबांचा मार स्वतःवर घेतात. पाचोळा कुजून झालेला ह्यूमस वरच्या थरातील रव्यांना आणखी बांधतो. गांडुळे, वाळवी, मुंग्या बिळे करतात. मेलेल्या मुळांच्या जागी पोकळ नळ्या राहतात आणि त्यांतून पाणी खोलवर जाते. जिवंत मुळांचे जाळे माती धरून ठेवते, आणि झाडे पाणी शोषून हवेत सोडतात, म्हणून दोन सरींच्या मधल्या काळात मातीत पुन्हा जागा होते.

झाडे तोडली की हे सर्व एका दिवसात संपत नाही, आणि फसगत इथेच होते. तोडलेल्या झाडाची मुळे काही वर्षे तग धरतात, मग कुजतात. त्यामुळे तोड झाल्यावर पहिला पावसाळा सुखरूप गेला म्हणून उतार सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही. रस्त्यासाठी किंवा घरासाठी उताराचा पायथा कापला, तर वरच्या मातीचा आधारही जातो.

निचऱ्यालाही मर्यादा असते

आता वायनाडकडे येऊ. 30 जुलै 2024 च्या पहाटे मेप्पाडीजवळ मुंडक्कै आणि चूरलमला या वस्त्यांवर डोंगर कोसळला. अडीचशेहून अधिक माणसे गेली. इस्रोच्या उपग्रहचित्रांनुसार दरड सुमारे 1,550 मीटर उंचीवर सुटली, 86,000 चौरस मीटर भाग घसरला आणि राडारोडा ओढ्याच्या पात्रातून सुमारे 8 किलोमीटर वाहत गेला. कित्येकांचे मृतदेह खाली चालियार नदीत सापडले.

आधीच्या दोन दिवसांत त्या भागात 572 मिलिमीटर पाऊस पडल्याचे केरळ सरकारने सांगितले होते. याचे गणित करून पाहू. एका चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर 572 लिटर, वजन 572 किलो. समजा माती दीड मीटर खोल आहे आणि तिचा निम्मा भाग पोकळी आहे, तर तिच्यात जास्तीत जास्त 750 लिटर मावेल. पण जुलैअखेर मातीतल्या निम्म्या पोकळ्या आधीच भरलेल्या धरल्या, तर जागा उरते 375 लिटरची. काही पाणी वरून वाहून जाते, काही उताराने बाजूला झिरपते, म्हणून हे गणित ढोबळ आहे. तरीही 375 च्या जागेत 572 जात नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

उरलेले पाणी काय करते? माती संपून खालचा कातळ लागतो तिथे ते अडते. कोडगूच्या त्या कापलेल्या भिंतीत मी हे पाहिले होते. लाल माती कोरडी होती, पण तिच्या आणि कुजक्या खडकाच्या सांध्यातून पाणी पाझरत होते. पाऊस वाढला की या सांध्यावर पाण्याचा दाब चढतो. पोहण्याच्या तलावात छातीभर पाण्यात उभे राहून पाहा. पाय तळाला टेकतात, पण वजन जाणवत नाही आणि कोणी हलकेच ढकलले तरी आपण सरकतो. मातीच्या कणांचे तसेच होते. पाणी त्यांचे वजन तोलून धरते, कणांची एकमेकांवरील पकड सुटते आणि एका क्षणी अख्खा थर निघतो.

म्हणजे ज्या गुणामुळे ही माती चांगली, त्याच गुणामुळे अतिवृष्टीत धोका वाढतो. ती पाणी पटकन आत घेते आणि खोल असल्यामुळे खूप पाणी घेते, म्हणून सुटते तेव्हा फार मोठे वजन सुटते. वायनाडची दरड उंचावरच्या जंगली उतारातूनच सुटली, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. जंगल धोका कमी करते, नाहीसा करत नाही. म्हणून जंगल राखणे आणि दरडीच्या वाटेत वस्ती न करणे, ही दोन्ही कामे करावी लागतात. याच परिसरात 1984 मध्येही दरड कोसळली होती आणि 2019 मध्ये जवळच्या पुत्तुमला येथेही. डोंगराने आधी सांगितले होते.

आपल्या महाराष्ट्रानेही हे भोगले आहे. पुणे जिल्ह्यातील माळीण गाव 30 जुलै 2014 रोजी गाडले गेले, वायनाडच्या बरोबर दहा वर्षे आधी, त्याच तारखेला. तिथला खडक बेसाल्टचा, म्हणजे वेगळा. पण तीव्र उतार, त्यावरची जाड माती आणि अतिवृष्टी हे त्रिकूट तेच.

आपण काय पाहावे?

आपण कॅडेट डोंगरात ट्रेकला जातो, तंबू ठोकतो. पावसाळ्यात ही चिन्हे दिसली तर ताबडतोब सांगावे आणि जागा सोडावी :

1. उतारावर नवी भेग पडणे किंवा जुनी रुंदावणे.
2. झाडे किंवा खांब एका बाजूला कलणे, घराची दारे अचानक अडकू लागणे.
3. कोरड्या जागी नवा झरा फुटणे.
4. ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे. पाऊस चालू असताना ओढा आटला तर जास्त धोका, कारण वर कुठेतरी पाणी तुंबलेले असू शकते.
5. वरून गडगडाट किंवा झाडे मोडल्याचा आवाज येणे.

पळताना ओढ्याच्या दिशेने किंवा त्याच्या काठाने खाली पळू नये. दरडीच्या वाटेपासून आडवे होऊन उंच जागा गाठावी. तंबू ओढ्याच्या तोंडाशी किंवा कापलेल्या भिंतीखाली कधीही लावू नये.

शेवटी

चूरलमला येथील पूल वाहून गेल्यावर पलीकडच्या लोकांपर्यंत यंत्रे पोहोचत नव्हती. तेव्हा आपल्या सैन्याच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपने 190 फूट लांबीचा बेली पूल उभारला आणि 1 ऑगस्टला तो तयार झाला. 24 टनांपर्यंतचे वजन तो पेलू शकत होता. या कामात पुढे होत्या मेजर सीता शेळके, अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर तालुक्याच्या. ते छायाचित्र पाहिले तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला. आता पुन्हा पाहतो तेव्हा पुलाबरोबर त्याच्या दोन्ही टोकांखालची माती आणि मागचा उतारही दिसतो. पूल माणसांनी रात्रंदिवस राबून उभारला. त्या डोंगरावर मीटर-दीड मीटर माती तयार व्हायला मात्र हजारो वर्षे लागली होती, आणि ती काही मिनिटांत खाली आली.

परीक्षेत तो प्रश्न पुन्हा आला, तर मी थोडे लांब उत्तर लिहीन : चिकणमातीत निचरा होतो की नाही, हे ती कोणत्या खनिजाची आहे, तिची रचना कोण राखते आहे आणि तिच्यावर किती पाऊस पडतो आहे यावर अवलंबून असते. गुण कदाचित तेवढेच मिळतील. पण या वेळी उत्तर पाठ केलेले नसेल.